माझ्या गालातली गाठ अन् तोंडातल्या जंतूयची यादी

ज्याच्या गालात, जबड्यात, हिरडीत काही आलं आहे अन् जो आरशासमोर उभा राहून ते जिभेनं चाचपून पाहून राहिला आहे, त्याच्यासाठी हे लिहितो. मी डॉक्टर नाही. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका ऑफिसात कस्टमर केअरले आहो. हेडफोन लावून लोकायच्या शिव्या ऐकतो, अन् शनिवार-रविवारी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये मिमिक्री करतो. शाळा सगळी उमरेडले झाली. तिथं हेडमास्तरायचा आवाज काढून मी दोनदा शाळा लवकर सोडली. पहिल्या वेळी सगळे घरी गेले. दुसऱ्या वेळी सगळे घरी गेले अन् मी हेडमास्तरायच्या खोलीत गेलो.

सांगायची गोष्ट अशी का, तोंड हेच माझं सगळं आहे. ते गेलं तं मी फक्त रोशन उरतो, अन् नुसत्या रोशनले कोणी स्टेजवर बोलवत नाही.

गाठ

अक्कलदाढ काढल्याले दोन-अडीच महिने झाले असतील. उजव्या जबड्याच्या खालच्या कोपऱ्यात एक गोटा आला. लाकडावानी कडक. दुखत नव्हता, अन् हेच मले खटकलं. जे दुखते ते भांडून राहिलं आहे, एवढं तरी समजते. जे गपचूप वाढते त्याच्यावर माझा भरोसा नाही.

उमरेडले घरी गेलो तं आईनं दारातूनच पाह्यलं. "काहून रे, गाल काहून सुजला?"

"दाढेचं आहे वं आई. उतरन."

माझे बाबा कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. बोलतात कमी. ते जेवता जेवता ताटावरून उठले, माझ्याजवळ आले, अन् नाक पुढं करून माझ्या तोंडाचा वास घेतला.

"खर्रा खाते काय बे?"

बाहेरच्यायले सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून गालात धरून ठेवायचा माल. आमच्याकडं चौकाचौकात भेटते. मी खात नव्हतो. खरंच खात नव्हतो. पण माझा सगळ्यात हिट आयटम होता खर्रावाला माणूस. मान वर, गाल फुगलेला, पीक सांभाळत फोनवर बायकोले सांगते, "हव हव, भाजी घेऊन राहिलो." तो मी इतका बराबर करतो का एका रिसेप्शनमध्ये नवरदेवाच्या काकानं मले खुशीनं पुडी काढून दिली होती.

"जो इतका बराबर करते तो खात असनच," बाबा म्हणाले.

"बाबा, मी भाजीवालीचा आवाजबी बराबर काढतो. मंग मी भाजीवाली आहो काय?"

आई हसली. बाबा नाही हसले. त्या दिवसापासून मी घरी आलो का पहिले माझी बॅग तपासली जाये, मंग चहा भेटे.

माझा शहाणपणा

आता माझी चूक सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

मी डॉक्टरकडं गेलो नाही. नागपुरात माझ्या रूमच्या गल्लीत जे मेडिकल आहे तिथल्या भाऊले गाल दाखवला. भाऊनं पाच दिवसाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी गाठ थोडी नरम वाटली, मी गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसानं गाठ पुन्हा कडक. पुन्हा भाऊ, पुन्हा गोळ्या, पुन्हा तीन दिवस. असं तीन वेळा झालं. घरी सांगतलं नाही. आमच्या घरी लपवून खाल्लेली कोणतीबी वस्तू म्हणजे नशा, मंग ते चॉकलेट का असेना.

त्यात बाबा कधीबी येऊन वास घेतील म्हणून मी मेडिकलमधून तोंड धुवायचं गुलाबी औषध आणून दिवसातून पाच-पाच वेळा गुळण्या करत होतो. तोंड इतकं चकाचक, का जे काही आत होतं ते मरून तरी गेलं असन, नाही तं घाबरून लपून तरी बसलं असन.

शेवटी गाठीवर बाहेरून एक फोड आला अन् त्यातून पिवळे पिवळे कण निघाले, रव्यावानी. तेव्हा बाबायनं सुट्टी टाकली अन् मले धरून हॉस्पिटलात नेलं.

ओपीडी

दाताच्या मोठ्या दवाखान्याची रांग कधी पाह्यली आहे काय? सगळ्यायच्या तोंडावर रुमाल. जो तो दुसऱ्याच्या गालाकडं पाहते अन् मनात म्हणते, याचं माझ्याहून खराब आहे. मीबी तेच केलं. माझ्याकडं पाहून तेच म्हणणारे किती होते, मले माहीत नाही.

सर्जन मॅडमनं गाठ दाबली. "तंबाखू खातोस?"

"नाही मॅडम."

"खर्रा?"

"नाही."

"गुटखा, तपकीर, गुडाखू? काहीच नाही?"

"मॅडम, मी बडीशेपबी खात नाही."

मागं उभे असलेले बाबा खोकलले. तो खोकला मले ओळखू येते. त्याचा अर्थ आहे, खोटं बोलून राहिला.

"बाहेरून काही औषधं घेतली?"

आता सांगायले पाह्यजे होतं. पण मागं तो खोकला उभा होता. मी म्हटलं, "नाही."

या एका "नाही"नं माझा जबडा जायची वेळ आणली.

मॅडमनं फोडातला पू घेतला, गाठीचा छोटासा तुकडा काढला. मास्तरनं वर्गाबाहेर काढलेल्या पोरावानी आम्ही आठ-दहा दिवस वाट पाह्यली. रिपोर्ट आला. पू ज्या ताटलीत ठेवून जंतू उगवून पाहतात, तिथं काहीच उगवलं नाही. तुकड्यात नुसती सूज. अन् शेवटी एक ओळ, का संशय पूर्णपणे दूर करता येत नाही. घ्या. घरात बाबा होतेच, आता रिपोर्टबी संशय घेऊन राहिला.

"जंतू उगवला नाही, म्हणजे हे साधं इन्फेक्शन वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला भीती आहे ती वेगळी. पूर्ण भूल देऊन मोठा तुकडा घेऊ. टेबलवरच तपासणी होते. तसं काही निघालं, तर त्याच वेळी जबड्याचा तेवढा भाग काढावा लागेल. ओठाच्या कोपऱ्याची नस तिथूनच जाते, ती वाचेलच असं सांगता येत नाही."

"नस गेली तं?"

"ओठ एका बाजूला लटकतो. प, ब, म हे उच्चार नीट येत नाहीत."

आईनं पदर तोंडाले लावला. अन् मी, तुमाले हसू येईन, मी मनात आपली सगळी पात्रं आठवून राहिलो होतो. पाटील. बाबूराव. मामी. पप्पू पानवाला. बापरे, सगळीच्या सगळी त्या तीन अक्षरायत बसली होती.

वॉर्ड

ऑपरेशनच्या चार दिवस आधी भरती झालो. सकाळी सिस्टर यायच्या, बगलेत थर्मामीटर. मंग झाडू. मंग चहा, जो मी स्ट्रॉनं प्यायचो. मंग मोठे डॉक्टर अन् त्यायच्या मागं शिकाऊ डॉक्टरायची लाइन. एकेक जण येऊन माझी गाठ दाबे अन् वहीत लिहे. मी त्यायले म्हटलं, "दाबा दाबा, पिकली का सांगजा."

माझ्या बाजूच्या पलंगावर भिवापूरचे एक काका होते. मिरचीचं शेत, पांढऱ्या मिशा. मिशीच्या खालचा उजवा जबडा नव्हता. बोलता येत नव्हतं, म्हणून पोराच्या पाटीवर खडूनं लिहायचे. पहिल्या दिवशी मी त्यायच्याकडं पाहतच नव्हतो. मले वाटे, पाह्यलं तं माझंबी तसंच होईन. दुसऱ्या दिवशी सिस्टरची नक्कल करून राहिलो होतो, "ए तेरा नंबर, सुई लगानी है, नाटक नको," तं काकायनं पाटी वर केली. लिहिलं होतं, "डाक्टर बाईची कर."

केली. काकायचे खांदे हलून राहिले होते. हसायले त्यायच्याजवळ खांदेच उरले होते. मंग मी त्यायच्याकडं पाहायले लागलो.

बाबायनं पकडलं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई माझ्या रूमवरून धुवायचे कपडे घेऊन आली. पँटचे खिसे उलटे केले तं त्यातून गोळ्यायची रिकामी पाकिटं पडली. आईनं पाह्यली, बाबायनं पाह्यली.

"हे काय होय?"

मी पाकिटं उचलायले वाकलो.

"मी म्हणत होतो ना वं," बाबा आईले म्हणाले, "हा काहीतरी घेते. खर्रा नाही तं हे. नशेच्या गोळ्या होय ह्या."

"बाबा, तसं नाही..."

"चूप. उद्या हे मॅडम याले बेहोश करतील अन् हा नशेत असन. मरन ना बे तू टेबलवर!"

त्यायनं ती पाकिटं रुमालात बांधली, पुरावा नेतात तशी, अन् तरातरा निघाले. मी सलाईनची सुई हातात तशीच धरून मागं. सर्जन मॅडम पेशंट पाहून राहिल्या होत्या. बाबायनं रुमाल त्यायच्या टेबलावर सोडला. "मॅडम, हा पोट्टा नशेच्या गोळ्या खाते. मी बाप आहो, पण सांगून देतो."

मॅडमनं एक पाकीट उचललं. वाचलं. दुसरं वाचलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. आतापर्यंत लय लोकायनं माझ्याकडं रागानं पाह्यलं आहे, पण तसं नाही.

"ही अँटिबायोटिक आहेत. कधी घेतलीस?"

मी सगळं सांगतलं. मेडिकलवाला भाऊ, तीन वेळा तीन-तीन दिवस, गुलाबी गुळण्या, बाबायचं वास घेणं. बोलता बोलता मले रडू आलं, अन् रडताना गाल ओढला जाऊन दुखलं, म्हणून नीट रडताबी आलं नाही.

"मी तुला विचारलं होतं की नाही?"

"हव मॅडम."

त्यायनं फोन उचलला अन् जंतू तपासणाऱ्या मॅडमले बोलावलं.

यादी

या मॅडम वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. सगळं ऐकून त्यायनं कपाळावर हात मारला. "म्हणून माझ्या ताटलीत काही आलं नाही. तू त्यांना अर्धमेलं करून माझ्याकडे पाठवलंस. अर्धमेला जंतू उगवत नाही."

"मंग आता?"

"उगवत नसला तरी त्याचा डीएनए मांसात राहतो. तुझा उरलेला तुकडा आमच्या फ्रीजमध्ये आहे. तो वाचायला पाठवते. वाचून जे येईल ते या यादीशी जुळवायचं."

त्यायनं कॉम्प्युटरवर एक वेबसाइट उघडली. माणसाच्या तोंडात राहणारे सगळे जंतू, एकेकाच्या जनुकांची पूर्ण नोंद. जगातलं कोणीबी उघडून पाहू शकते. मी खाली खाली सरकवत गेलो तं यादी संपेच ना. काहीयले नाव नव्हतं, नुसता नंबर.

"यायले नाव काहून नाही?"

"त्यांना अजून कोणी उगवू शकलं नाही. फक्त डीएनएवरून माहीत आहे की ते आहेत."

"अन् हे सगळे गुन्हेगार होय?"

"नाही रे. बहुतेक सगळे शांत राहणारे. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या तोंडात आहेत."

मले ते पटलं नाही. एवढे सगळे चोवीस तास आत बसून राहतात अन् काहीच करत नाही, हे मानायले मी तयार नव्हतो. अन् मुख्य संशय वेगळाच होता. मी विचारलं, "मॅडम, ही यादी कोणाच्या तोंडावरून केली? उमरेडचं एखादं तोंड आहे काय यात?"

त्या हसल्या. मंग हसणं थांबलं. "बहुतेक नसेल. आपल्याकडची तोंडं यात कमीच असतील."

"मंग माझा उमरेडचाच लोकल असला तं?"

"तर नेमकं नाव निघणार नाही. जवळचा नातेवाईक निघेल. तेवढंही पुरतं कधी कधी."

खोटं बोलायचं असतं तं तिथं बोलल्या असत्या. मले तेव्हा पहिल्यांदा कोणावर तरी थोडासा भरोसा आला.

थांबायचं का कापायचं

सर्जन मॅडमनं सरळ सांगतलं. रिपोर्टले दहा दिवस लागतील. जंतू निघाला तं ऑपरेशन टळन. नाही निघाला अन् त्यायले वाटते ते असलं, तं हे दहा दिवस वाया गेले, अन् त्या आजारात दिवस वाया घालवायचे नसतात. गाठ रोज मोजू, वाढली तं लगेच टेबलवर. "सही तुझी आहे," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले, "कापून टाक. कॉम्प्युटरच्या भरवशावर जीव ठेवते काय?"

आई म्हणाली, "थांबा ना जी दहा दिवस. पोराचं तोंड होय ते, गाडीचा पार्ट होय काय?"

"तोंड वाचवता वाचवता पोरगा गेला तं?"

दोघंबी जोरात बोलून राहिले होते अन् सगळा वॉर्ड ऐकून राहिला होता. मी भिवापूरच्या काकायकडं पाह्यलं. त्यायनं पाटी घेतली, लय वेळ खडू धरून बसले. मंग लिहिलं, "मी थांबलो होतो. आठ महिने." त्यायनं ते हातानं पुसलं अन् खाली लिहिलं, "पण मी डाक्टरले न सांगता थांबलो."

मी दहा दिवस मागून घेतले.

ते दहा दिवस कसे गेले सांगता येत नाही. सकाळी मॅडम पट्टीनं गाठ मोजत. मंग दिवसभर मी मोबाइलवर तीच यादी उघडून बसे, पोलीस ठाण्यात फोटो दाखवतात तसं एकेक नाव पाहे. तूच काय बे? का तू? आईनं एकदा विचारलं, "हे सारे माझ्याबी तोंडात आहेत काय रे?" मी म्हटलं, "हव वं, सगळ्यायच्या." त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत तोंडाले पदर लावून बसली. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. रोज येत, पायथ्याशी स्टुलावर बसत, अन् माझ्या गाठीकडं पाहत.

गाठ वाढली नाही. पण उतरलीबी नाही. याचा अर्थ काय घ्यायचा, कोणीच सांगे ना.

नाव

अकराव्या दिवशी जंतूवाल्या मॅडम जिना चढून स्वतः वर आल्या. फोन नाही, कागद नाही, स्वतः. "सापडला. यादीतल्या एकाशी जवळजवळ पूर्ण जुळला."

अ‍ॅक्टिनोमायसिस. नाव ऐकून बाबायले वाटलं कॅन्सरचंच इंग्रजी नाव होय. नव्हतं. तोंडातला जुना राहणारा होता. दाढ काढलेल्या खड्ड्यातून खोल गेला अन् तिथं घर करून बसला. मॅडमनं माझ्या तुकड्याच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढायले लावल्या, वेगळा रंग टाकून पाह्यल्या, तं तिथंबी तोच दिसला.

"नाव समजल्यावर दिसला, तं आधी काहून नाही दिसला?" मी विचारलं. माझी सवय.

"छोट्या तुकड्यात एकाच कोपऱ्यात होता," सर्जन मॅडम म्हणाल्या. "आणि हा कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो. भलेभले फसतात."

"मॅडम, मंग आमचा धंदा एकच होय."

त्या पहिल्यांदा हसल्या. माझ्या फाइलवरची ऑपरेशनची ओळ त्यायनं आडव्या रेघेनं खोडली. ती रेघ मारल्याचा आवाज मले अजून काढता येते.

बाबा मात्र मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडंच पाहून राहिले होते, त्यावर ती यादी उघडी होती. "मॅडम, या यादीत खर्रा दिसते काय?"

"काका, यात फक्त जंतू दिसतात," सर्जन मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या मुलाच्या तोंडात खर्र्याची एकही खूण नाही. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तरी खात्रीसाठी विचारलं होतं."

बाबायनं मान हलवली. सॉरी वगैरे आमच्या घरी चालत नाही. पण त्या दिवशी खाली जाऊन ते माझ्यासाठी मऊ उपमा घेऊन आले, अन् वास न घेता बसले.

पुढचं

तीन आठवडे शिरेतून इंजेक्शन. हाताच्या नसा सुजून दोऱ्या झाल्या. मंग सहा महिने गोळ्या. दुसऱ्या महिन्यात गाठ गेली तेव्हा माझं जुनं डोकं पुन्हा बोलून राहिलं होतं, बस झालं आता. तेव्हा आईनं गोळ्यायचा डब्बा आपल्या ताब्यात घेतला. मी गोळी गिळल्यावर ती जीभ वर करून पाहे.

ज्यायच्यासाठी लिहून राहिलो त्यायले एवढंच सांगतो. गोळी खाल्ली असन, काढा प्याला असन, कोणी मंतरलेला धागा बांधला असन, डॉक्टरच्या टेबलावर सगळं ठेवजा. मागं कोण उभं आहे ते पाहू नका. अन् दहा दिवस थांबायचे असतील तं डॉक्टरच्या पट्टीखाली थांबजा, घरी आरशासमोर नाही.

शेवटची तपासणी

सहा महिन्यानं सर्जन मॅडमनं जबडा दाबला, शिट्टी वाजवायले लावली, पाटील अन् पप्पू म्हणायले लावलं. "ठीक. सुट्टी तुला."

मी उठलो. बाबा उठले नाही.

"मॅडम, पाच मिनिटं असतील तं," ते म्हणाले. त्यायनं स्वतः उठून दरवाजा लावला अन् मी ज्या खुर्चीवरून उठलो तिथं बसले. "माझंबी पाहून घ्या."

मले एकदम दिसलं, जे इतके दिवस समोर होतं. कितीतरी महिन्यांपासून घरात ठेचा नव्हता, तिखट नव्हतं. बाबा नुसता वरणभात खाऊन राहिले होते, तोबी पाणी टाकून. आई विचारे तं म्हणत, पोट ठीक नाही.

मॅडमनं लाइट ओढला. "तोंड उघडा, काका."

बाबायनं उघडलं.

"पूर्ण उघडा."

"हे पूर्णच होय, मॅडम."

मॅडमनं दोन बोटं उभी करून तोंडात घालून पाह्यली. गेली नाही. त्यायनं हातमोजा काढला, नवीन कागद घेतला. "किती वर्षांपासून?"

मी हळूच दरवाज्याकडं सरकलो.

"थांब," बाबा म्हणाले. "तूबी ऐक."

अन् खर्र्याच्या पहिल्या पुडीपासून सांगायले लागले.